रिव्हर्स नसलेली कुर्ली

आमची कुर्ली आता रियाधच्या ओलायातल्या एका कॉफीच्या दुकानात उभी आहे. चकचकीत पुसलेली, चारी बाजूंनी लाल दोर लावलेली, आणि पोरंपोरी तिच्यापुढं तोंडाचे चंबू करून स्वतःचे फोटो काढत असतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. नातू झैद म्हणाला, "नानी, चल ना, देअर्स अ व्हेरी क्यूट कार," म्हणून गुडघे कुरकुरत असतानाही गेले. कॉफी कारल्यासारखी कडू, खुर्च्या पाठ मोडणाऱ्या, आणि समोर बघते तर कुर्ली! मी इतक्या जोरात "या अल्ला!" म्हटलं की काउंटरवरच्या मुलाच्या हातून दूध सांडलं. झैद लाजून अर्धा झाला. आजकालची पोरं कशानंही लाजतात. मी दोराच्या खालून हात घालून तिच्या पुढच्या दारावरचा पोचा चाचपला. अजून तसाच आहे. तो पोचा कुठून आला हे आता दोनच जणींना ठाऊक आहे, मला आणि हफ्र अल बातिनला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला.

शेजारी इंग्रजीत आणि अरबीत फलक लावलाय. झैदला म्हटलं, वाच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर विमानांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना होता, युद्ध संपल्यावर त्याच्याकडं फारसं काम उरलं नाही. पुढं सुवेझचा कालवा बंद पडला, तिकडं पेट्रोल रेशनवर आलं, तेव्हा त्यांनी घोटभर पेट्रोलवर गावभर हिंडणारी ही तीन चाकांची गाडी काढली. पुढं दोन चाकं, मागं एक. दार एकच, तेही नाकावर, फ्रीजचं दार उघडावं तसं पुढच्या बाजूला उघडणारं. नाव ठेवलं विंकल, म्हणजे समुद्रकाठच्या खडकाला चिकटलेला शंख. थोडे दिवस बरे गेले. मग कालवा उघडला, पेट्रोल आलं, आणि थोडे पैसे वर टाकले की चार चाकांची, चार माणसांची, बाजूला दारं असलेली खरीखुरी गाडी मिळू लागली. मग विंकलला कोण विचारतो! कारखान्याला कुलूप लागलं. पेट्रोल मिळत नाही म्हणून जन्माला आलेली गाडी आयुष्य काढायला कुठं आली, तर जिथं पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त होतं तिथं. नशीब म्हणतात ते हेच.

इथवर सगळं मला तोंडपाठ होतं, कारण अब्बांनी ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं. पण फलकाची शेवटची ओळ ऐकून मी चाटच पडले. इंग्लंडात म्हणे तेव्हा मोटारसायकलच्या लायसन्सवर तीन चाकी गाडी चालवता यायची, पण अट अशी की तिला रिव्हर्स गिअर नसावा. म्हणून कारखान्यानं रिव्हर्स बसवला आणि मग एक पत्रा ठोकून तो बंद करून टाकला. म्हणजे आमच्या कुर्लीच्या पोटात रिव्हर्स होता! पत्रा काढला असता की झालं! आणि आमचं अख्खं घर वर्षानुवर्षं तिला मागं ढकलत राहिलं. अब्बा सांगायचे, "इंग्रजाला मागं जायची सवयच नाय, म्हणून रिव्हर्स दिला नाय." त्यावर आई म्हणायची, "मग आपल्याकडून गेले ते काय, पुढं तोंड करून गेले?"

तर हे प्रकरण त्या न सापडलेल्या रिव्हर्सचं आहे. तो सापडला असता तर माझ्या बहिणीचं लग्न झालं नसतं, निदान जिथं झालं तिथं तर नाहीच.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. अब्बा, म्हणजे बशीर, रियाधच्या बत्हा भागातल्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात कामाला होते. दुकान त्यांच्या कफीलचं, म्हणजे त्यांना सौदीत कामाला आणणाऱ्या मालकाचं. कफील भला माणूस, पोट मोठं आणि मन त्याहून मोठं. दुकानामागच्या वाड्यात कुणी इंग्रज इंजिनीअर मायदेशी जाताना ही गाडी टाकून गेला होता, आणि तिच्यात मांजरीची बाळंतपणं चालत. अब्बा रोज तिच्याकडं बघत. एके दिवशी कफीलनं बघितलं की हे बघताहेत, आणि हात झटकून म्हणाला, "शील, शील! खलास!" घेऊन जा, विषय संपला. अब्बा संध्याकाळी घरी आले ते गाडी ढकलत, मागून मांजरी ओरडत. आईनं दारात येऊन त्या ध्यानाकडं पाहिलं. पुढं बाहेर आलेले दोन डोळे, टणक गोल पाठ, आणि अब्बांनी दार उघडल्यावर कवटी उचकटल्यासारखा झालेला तो जबडा. आई म्हणाली, "अहो, ही कुर्ली कुठनं धरून आणलीत?" कुर्ली म्हणजे आमच्या खाडीतला खेकडा. तेव्हापासून विंकल हे नाव फक्त इंग्रजांसाठी राहिलं.

आमचं घर बत्हाच्या एका आंधळ्या गल्लीच्या टोकाला होतं. गल्ली इतकी अरुंद की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं जायचं, आणि गल्ली संपते ती सरळ आमच्या उंबऱ्यात. दुसरी कुठलीच गाडी तिथं आली नसती. कुर्ली मात्र दोन्ही भिंतींना हाताहाताची जागा सोडून डुलत यायची, आणि अब्बांची छाती फुगायची. सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची त्याचा थपथप आवाज, शेजारच्या पेशावरी तंदूरवाल्याच्या चिमट्याचा खणखणाट, मनी एक्स्चेंजपुढल्या रांगेतली तमीळ, बंगाली, मल्याळी भांडणं, आणि या सगळ्याच्या वर कुर्लीचं फटफटणं. त्यात शुक्रवारी आईची तांदळाची वाफवलेली सांदणं असायची. आमच्या गावी सांदणाचं पीठ फुगायला रात्र लागते. रियाधच्या उन्हात ते डोळा चुकवून टोपाबाहेर यायचं आणि ओट्यावरून खाली उतरायला लागायचं. मी चमचा घेऊन राखणीला बसायची. नारळाच्या दुधातलं सुकटीचं सालन शिजायला लागलं की मात्र अख्खी गल्ली नाक धरायची. सुकट गावाहून कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून यायची, आणि ती बॅग पुढं कधीच कपड्यांच्या कामाची राहायची नाही.

गाडी घरात आल्यावर अब्बांना एक वेड लागलं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. आमचे आजोबा गावी धक्क्याजवळ राहत. ओहोटीला होडी काठाला लागत नसे, लांब चिखलातच थांबे. पाहुणा आला की आजोबा लुंगी खोचून चिखलात उतरत, त्याला पाठुंगळी घेत आणि आणून थेट उंबऱ्यात ठेवत. "पाहुण्याचा पाय पहिला आपल्या उंबऱ्यालाच लागला पाहिजे," असा त्यांचा नेम. पाहुणा हडकुळा असो की पिंपाएवढा. अब्बांना पाठीचं दुखणं, आणि बत्हात कुठला आलाय चिखल! पण आता कुर्ली होती, आणि तिचं दार नाकावर होतं. अब्बा पाहुण्याला बसस्टँडवरून गाडीत घालत, गल्लीत शिरत आणि गाडीचं नाक उंबऱ्यापाशी अस्सं आणून थांबवत की दार उघडलं की पाहुण्याचं पाऊल थेट आमच्या घरात. त्यासाठी त्यांनी जमिनीवर पांढरी रेघ मारली होती. रेघेवर चाक थांबलं की दार उघडायला बरोबर जागा राही. पाहुणा उतरला की अब्बा उतरत, आणि मग आम्ही सगळे मिळून कुर्लीला नाकावर रेटत गल्लीच्या तोंडापर्यंत मागं नेत असू. आई म्हणायची, "आजोबांनी पाहुणा पाठीवर घेतला, तुम्ही तर घराला गाडी पाठीवर घ्यायला लावलीत."

आणखी एक गोष्ट. वाळूच्या वादळात सगळं घर वाळूनं भरायचं, तशी कुर्लीही भरायची. तिच्या टपावर कापडी खिडकी होती, अडीअडचणीला बाहेर पडण्यासाठी इंग्रजानं ठेवलेली. अब्बांनी ती दुकानातला काळा डिंकासारखा सिलंट फासून कायमची चिकटवून टाकली. बाजूच्या सरकत्या काचाही चिकटवल्या, फक्त बोट जाईल एवढी फट ठेवून. "आता एक कण आत यायचा नाय," अब्बा म्हणाले. खरंच आला नाही. आतलंही काही बाहेर जाणार नव्हतं, पण तो विचार कुणी केला नाही.

आता आपा. माझी थोरली बहीण रुखसाना. दिसायला देखणी, हाताला चव, कामाला वाघीण, पण आवाज! लहानपणी ती गावी आजोबांकडं राहिली होती, आणि तिचं काम होतं खाडीपलीकडच्या तरवाल्याला हाक मारून होडी बोलवायची. वारा समोरून असला तरी तिची हाक पलीकडं पोचायची. पुढं तरीवर, म्हणजे त्या होडीवर, चढलेल्या माणसांना नीट बसवायचं कामही तिनं आपणहून अंगावर घेतलं. रियाधला आली तरी तो आवाज काही तिनं गावी ठेवला नाही. स्वयंपाकघरातून तिनं मला "नफीसाऽऽ" म्हटलं की तंदूरवाला चिमटा थांबवून बघायचा. एकदा ती फोनवर मामीशी बोलत होती तेव्हा अब्बा म्हणाले, "फोन कशाला धरलायस? नुसती खिडकी उघड."

आणि या पोरीनं लग्नासाठी नेमका कुठला मुलगा पसंत करावा? हाजी इस्माईल यांचा अन्वर. हाजीसाहेब रायगडकडचे, हफ्र अल बातिनला त्यांचं कपड्यांचं मोठं दुकान. आपानं अन्वरला गावी एका लग्नात पाहिलं होतं. जेवण झाल्यावर आपलं ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवणारा सगळ्या मांडवात तो एकच पुरुष होता. घरी येऊन तिनं आईला सरळ सांगितलं, "केलं तर याच्याशीच." आई हादरली. कारण हाजीसाहेबांची अट सगळ्या कोकणी लोकांत मशहूर होती. सून अशी हवी, जिचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही. त्यांच्या घरात बायकाच काय, पुरुषसुद्धा कुजबुजत बोलतात असं ऐकलं होतं. एका मुलीला तर त्यांनी नुसत्या हसण्यावरून नाकारलं होतं. आणि आमच्या आपाचा नुसता श्वाससुद्धा शेजारी ऐकू जायचा.

तरी जेद्द्याच्या खालेनं, आईच्या बहिणीनं, शब्द टाकला आणि हाजीसाहेब मुलगी बघायला येतो म्हणाले. झालं, आमच्या घरात शाळा सुरू झाली. आईनं आपाला तोंडात पाण्याचा घोट धरून काम करायला लावलं, म्हणजे बोलायची सवय तुटेल. आपा पाणी गिळायची आणि बोलायची. मग तोंडात लवंग. लवंगही चावून खायची. शेवटी मला नेमलं. आपाचा आवाज चढला की मी तिला चिमटा काढायचा. मी ते काम इतक्या निष्ठेनं केलं की तिचे दंड हिरवेनिळे झाले. पण जमलं! आठवडाभरात ती चक्क कुजबुजायला लागली. "अस्सलामु अलैकुम," एवढं एकच वाक्य, कबुतराच्या घुमण्याएवढ्या आवाजात. रात्री अंथरुणात मात्र माझा हात घट्ट धरून म्हणाली, "नफी, हे मोडलं ना, तर मी परत कुणापुढं ट्रे घेऊन जायची नाय. सांगून ठेवते."  आपा कशालातरी घाबरते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो दिवस उजाडला. दुपारच्या नमाजाच्या सुमाराला बस यायची होती. आईनं पहाटेपासून सांदणं उकडली, मटणाचं सालन, कोळंबीचा पुलाव, शेवयांची खीर. गल्ली पाण्यानं धुतली. आणि मग तिच्या डोक्यात एक शक्कल आली. कधी नव्हे तो एवढा मोठा पाहुणा येतोय, तर उंबऱ्यापुढं गालिचा घालावा. पेटीतला तिच्या लग्नातला लाल गालिचा काढला आणि अंथरला, उंबऱ्यापासून थेट गल्लीत. किती छान दिसत होतं! तिच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही, की अब्बांची पांढरी रेघ त्या गालिच्याखाली गेली.

बांग झाली. दुकानांची शटरं धडाधड खाली आली, गल्लीतले झाडून सगळे पुरुष मशिदीकडं गेले, तंदूरसुद्धा गप्प झाला. अशा सुनसान वेळी लांबून फटफट ऐकू आली. मी दाराच्या फटीतून बघत होते. कुर्लीत अब्बा, आणि त्यांच्या शेजारी हाजीसाहेब. बाकावर जागा दीड माणसाची, आणि हाजीसाहेब एकटेच पावणेदोन. प्रवाशाला सूट असते म्हणून ते नमाज नंतर अदा करणार होते, अंगात काळी शेरवानी, डोक्यावर उंच टोपी, ती टपाला टेकलेली. अब्बा अर्थातच त्यांना सुवेझचा कालवा सांगत होते. त्यांचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा कालवा दाखवण्यात गुंतलेला. रेघ शोधायला त्यांनी खाली बघितलं, तर रेघ नाही, लाल गालिचा! गोंधळून त्यांनी ब्रेक मारला, पण चाकं थांबली तरी ओला गालिचा काही थांबला नाही. गालिच्यासकट कुर्ली घसरत आली, दाराच्या दोन्ही फळ्या आत उडाल्या, मी एका बाजूला आई दुसऱ्या बाजूला, आणि धाड! कुर्लीचं नाक आमच्या चौकटीत रुतून बसलं. पाहुणा खरोखरच उंबऱ्यात आला होता. फक्त बाहेर येऊ शकत नव्हता.

दार चौकटीत अडकलं. टपाची खिडकी चिकटवलेली. काचा चिकटवलेल्या. मागं जायला रिव्हर्स नाही. रियाधची भर दुपार, आणि आत काचेच्या बरणीत दोन लोणची. आई ओरडली, म्हणजे तिच्या मते ओरडली, "अहो, काय करायचं?" आत अब्बा ओठ हलवत होते, हाजीसाहेब ओठ हलवत होते, इंजिन फटफटत होतं, बाहेर काही येत नव्हतं, आत काही जात नव्हतं. आई आणि मी नाकाला खांदा लावून रेटू लागलो. कुर्ली हलेना. मी खाली वाकून आत पाहिलं. अब्बांनी घाबरून हँडब्रेक ओढलेला, आणि त्या दांड्यावर हाजीसाहेबांचं अख्खं वजन. अब्बा दांडा सोडवायला बघत होते, पण तो सोडवायला आधी जरा वर ओढावा लागतो, आणि वर एवढा डोंगर बसल्यावर दांडा हलणार कसा? पाहुण्याला ऊठ म्हणायची अब्बांची हिंमत नव्हती. ते हात जोडून, मान तुकवून काहीतरी अदबीनं सांगत होते, आणि हाजीसाहेब कानामागं हात धरून विचारत होते, काय? काय? त्यांचा चेहरा लालाचा जांभळा व्हायला लागला होता. तोंड उघडं पडलं. त्या क्षणी मला हसू येत होतं ते थांबलं. हा माणूस आमच्या दारात मरणार, असं माझ्या मनात आलं.

आपा आत पडद्यामागं होती. तिला सक्त ताकीद होती, ट्रे हातात दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. पडदा सरकला. ती आली, तिनं एकदा काचेतून आत पाहिलं, डोक्यावरची ओढणी कमरेला खोचली, मला आणि आईला बाजूला सारलं, आणि कुर्लीच्या नाकावर दोन्ही हात रोवून उभी राहिली. होणारे सासरे काचेपलीकडं, सून अलीकडं, मध्ये वीतभर अंतर. आई म्हणाली, "रुखसाना, नको गो." मी सवयीनं चिमट्यासाठी हात पुढं केला आणि मागं घेतला. आपानं छातीत हवा भरली. तरीवर बसलेल्या जाड्या माणसांना ती जे सांगायची, तेच तिनं सांगितलं, त्याच आवाजात.

"हाजीसाऽऽब! बूड उचलाऽऽ!"

बत्हाची कबुतरं उडाली. भांड्यांच्या फळीवरचं एक ताट पडलं. आणि काचेच्या आत हाजीसाहेबांनी दचकून, शाळेतल्या मुलासारखे हात दोन्ही बाजूंना टेकून, आज्ञाधारकपणे बूड उचललं. "अब्बाऽऽ! दांडा खाली!" अब्बांनी दांडा पाडला. "आता यल्लाऽऽ!" आम्ही तिघींनी जीव खाऊन रेटलं, आपानं जवळजवळ एकटीनंच, आणि कुर्ली गालिच्यासकट सुर्रकन मागं गेली. दार उघडलं. आतून भट्टीची वाफ आली आणि मागोमाग हाजीसाहेब आले. त्यांचा पाय पहिला आमच्या उंबऱ्यालाच लागला, आजोबांचा नेम काही मोडला नाही.

त्यांना पंख्याखाली बसवलं. ते पाणी प्यायले, ताकासारखं लबन प्यायले, पुन्हा पाणी प्यायले.  अब्बा कोपऱ्यात भिजलेल्या कोंबडीसारखे उभे. आम्ही तिघी स्वयंपाकघरात. आई ओट्याला टेकून मुसमुसत होती, "बूड! अगो, त्यांच्या बुडाचा उद्धार केलास! दुसरा शब्द नव्हता काय?"  आपाच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं आणि ती ते ओढणीनं न पुसता तशीच उभी होती. मग आईनंच डोळे पुसले, सांदणं ताटात रचली आणि म्हणाली, "मोडलं तर मोडलं. माणूस उपाशी जायला नको." आपानं ट्रे उचलला. मी मागोमाग गेले.

आपानं मान खाली घातली आणि आठवडाभर घोटलेलं ते वाक्य कबुतराच्या आवाजात म्हटलं, "अस्सलामु अलैकुम."

हाजीसाहेबांनी कानामागं हात धरला. "काय?"

"अस्सलामु अलैकुम."

"काय म्हणते ती?" त्यांनी अब्बांना विचारलं. अब्बाही पुटपुटले. हाजीसाहेब कावले. त्यांनी सांदणाचं ताट बाजूला सारलं, आपाकडं बोट केलं आणि म्हणाले, "पोरी, मघाशी बोललीस तशी बोल."

आपानं आईकडं पाहिलं. आईनं छताकडं पाहिलं. आणि मग आपानं खाडीपलीकडं जावा तसा सलाम ठोकला. खिरीच्या वाट्या थरथरल्या. हाजीसाहेबांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की काय सांगू! "वालेकुम सलाम!" ते म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं. मग अब्बांना जवळ बसवून सांगू लागले, "बशीरभाय, माझ्या घरात सगळी इतकी हळू बोलतात की किती वरसं झाली, मला कुणाचं काय ऐकूच येत नाय. मी म्हणायचो, अदब आहे, चांगलं आहे. मग वाटायला लागलं, माझ्यापासून चोरून बोलतात. मग वाटलं, मी बहिरा झालो. आज तुमच्या त्या पेटीत मरायला टेकलो होतो, तुम्ही कानात बोलत होता तरी काय कळत नव्हतं. हिचं एक अक्षर चुकलं नाय. म्हणजे माझे कान धड आहेत!" एवढं म्हणून त्यांनी ताट पुढं ओढलं आणि सांदणांवर तुटून पडले. "अन्वरला पुढच्या जुम्म्याला पाठवतो. पोरी, त्याचाही आवाज जरा वाढव."

त्यांचे कान धड नव्हते, हे सांगायला नकोच. चांगलेच गेलेले होते. पण आमच्यातलं कुणी त्यांना ते सांगायला गेलं नाही. लग्न झालं. त्या दिवशी परत जाताना हाजीसाहेब बसस्टँडपर्यंत चालत गेले होते, कुर्लीत परत काही बसले नाहीत. अब्बा कायमचे गावी गेले तेव्हा कुर्ली कफीलला परत देऊन गेले, आणि आता त्याच्या नातवानं ती शोभेला ठेवलीय. आपा आज स्वतः गाडी चालवते, ही एवढी मोठी, घरासारखी. बायकांना मुभा मिळाली त्याच वर्षी शिकली. गाडी लावताना पुढं अजून एक गाडी मावेल एवढी जागा सोडते आणि मागचे लोक हॉर्न वाजवत बसतात. कॉफीच्या दुकानातून मी तिला फोन लावला आणि रिव्हर्सची गोष्ट सांगितली.  ती म्हणाली, "बरं झालं नाय कळलं अब्बांना!" झैद म्हणाला, "नानी, स्पीकर बंद कर ना." स्पीकर चालू नव्हताच.

हाजीसाहेब खूप वर्षं जगले. शेवटी शेवटी तर घरात फक्त आपाचंच त्यांना ऐकू जायचं. जेवण, औषध, बाजारभाव, नातवंडांची भांडणं, सगळं तिच्या तोंडून. शेवटच्या दुखण्यात हफ्रच्या इस्पितळात मी भेटायला गेले होते. सकाळची वेळ होती, नर्सबाई चादर बदलायला आल्या होत्या आणि हाजीसाहेब डोळे मिटून पडलेले, कुणाला दाद देत नव्हते. मुलगे वाकून वाकून कुजबुजत होते. आपा दारातूनच म्हणाली, "अब्बाजीऽऽ! बूड उचलाऽऽ!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. हाजीसाहेबांनी डोळे उघडले नाहीत, पण ओठ फाकले, आणि ते हसले. दोन्ही हात गादीला टेकून उचलायचा प्रयत्नही केला. हसले ते तेवढंच शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ आली. जाणाऱ्याच्या कानाशी कलमा हळू आवाजात म्हणतात, म्हणजे त्यानंही तो मागोमाग म्हणावा, तशी रीत आहे. अन्वरनं म्हटला, इतर मुलांनी म्हटला, अगदी कानाला ओठ लावून. काही नाही, चेहरा दगडासारखा. मग अन्वर बाजूला झाला आणि आपाकडं बघून त्यानं नुसती मान हलवली. नर्सबाई ओठांवर बोट ठेवून पुढं आल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "नको, बाई. तिला बोलू द्या." आपानं छातीत हवा भरली. तिचा आवाज फुटत होता तरी खाली आला नाही. एकेक शब्द सुटा करून, खाडीपलीकडं हाक घालावी तसा तिनं कलमा म्हटला, आणि हाजीसाहेबांचे ओठ तिच्यामागोमाग हलले, शेवटच्या अक्षरापर्यंत.